समुद्र नसलेल्या राष्ट्राचा अध्यक्ष : पॉल क्रुगर

द हेग शहराच्या ट्रान्सवाल वस्तीतील पॉल क्रुगरलान हा रस्ता नेदरलँड्समधील अनेक भारतीयांच्या पायाखालचा आहे. साड्या, सोन्याचे दागिने, मिठाई आणि ताजी भाजी यांच्या दुकानांनी तो गजबजलेला असतो. सुरिनाममार्गे आलेल्या हिंदुस्तानी कुटुंबांनी तो आपलासा करून टाकला आहे. ज्या गृहस्थांचे नाव या रस्त्याला आहे, त्यांच्या राज्यात मात्र भारतीय माणसाला नागरिकत्व मिळत नव्हते आणि स्वतःच्या नावावर जमीनही घेता येत नव्हती. तरीही त्याच गृहस्थांनी साम्राज्याशी दिलेल्या झुंजीचे कौतुक भारतात कमी झाले नाही. क्रुगर यांचे चरित्र अशा विसंगतींनी भरलेले आहे. त्यांना जोडणारा धागा शोधायचा झाला, तर तो भूगोलात सापडतो. ट्रान्सवालला, म्हणजेच अधिकृत नावाने दक्षिण आफ्रिकी प्रजासत्ताकाला, समुद्रकिनारा नव्हता.

स्टेफानस योहानस पाउलस क्रुगर यांचा जन्म १० ऑक्टोबर १८२५ रोजी ब्रिटिश केप वसाहतीत झाला. त्यांचा मूळपुरुष १७१३ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बर्लिनहून केपला आला होता. गुलामगिरी रद्द झाली, तिची भरपाई लंडनला जाऊन घ्यावी लागली, कारभारात इंग्रजी आली आणि सरहद्दीवरील चकमकी थांबेनात, तेव्हा हजारो बोअर शेतकरी बैलगाड्यांचे तांडे घेऊन उत्तरेकडे निघाले. १८३६ मध्ये क्रुगर कुटुंबही निघाले. मुलगा दहा वर्षांचा होता. त्याचे शालेय शिक्षण जेमतेम तीन महिन्यांचे झाले. वाचनात मुख्य ग्रंथ एकच, बायबल, आणि त्यातील शब्द अन् शब्द खरा ही श्रद्धा आयुष्यभर टिकली. विशीत गेंड्याच्या शिकारीत बंदूक हातातच फुटली आणि डाव्या अंगठ्याच्या चिंधड्या झाल्या. उरलेले हाड त्यांनी स्वतःच्या चाकूने कापून काढले. ही हकीकत पुढे युरोपातील वृत्तपत्रांनी इतकी रंगवली, की कारभारातील क्रुगर तिच्यामागे झाकले गेले.

हे तांडे स्थिरावले तो प्रदेश व्हाल आणि लिम्पोपो या दोन नद्यांमधला. मध्यभागी दीड हजार मीटरहून उंच, गवताळ, थंड पठार. पूर्वेला पठाराचा कडा एकदम तुटतो आणि खाली उष्ण, दमट सखल प्रदेश लागतो. देशावरून कोकणात उतरताना मराठी माणसाला जो फरक जाणवतो, तसाच काहीसा. फक्त येथील कोकण परक्यांचे होते. त्या सखल भागात मलेरिया माणसे मारी आणि त्सेत्से माशी बैल मारी. त्यापलीकडे डेलागोआ उपसागर आणि लोरेन्सो मार्केस, म्हणजे आजचे मापुतो, हे पोर्तुगिजांचे बंदर. दक्षिणेचे डर्बन आणि केपची सारी बंदरे ब्रिटिशांची. १७ जानेवारी १८५२ च्या सँड रिव्हर कराराने ब्रिटनने व्हालपलीकडील बोअरांचे स्वातंत्र्य मान्य केले. तरुण क्रुगर त्या प्रसंगी हजर होते. स्वातंत्र्य मिळाले, पण बंदुकीच्या दारूपासून कॉफीपर्यंत प्रत्येक वस्तू दुसऱ्याच्या बंदरातून, त्याची जकात भरून येणार होती.

राज्याची घडी साधी होती. १८५८ च्या घटनेनुसार अध्यक्ष पाच वर्षांसाठी निवडला जाई. कायदे करणारी सभा फोल्क्सराड. जिल्ह्यात लँडड्रोस्ट, त्याखाली फेल्डकोर्नेट. खडे सैन्य जवळजवळ नाही. हाक आली की शेतकरी घोडा आणि बंदूक घेऊन हजर. मात्र गोरे आणि कृष्णवर्णीय यांच्यात धर्मसंस्थेत वा राज्यात समता असणार नाही, हेही याच घटनेत स्पष्ट लिहिलेले होते. लोकसंख्येत बहुसंख्य असलेल्या आफ्रिकी लोकांना या लोकशाहीत जागा नव्हती. लढायांत पकडलेली आफ्रिकी मुले उमेदवार म्हणून शेतांवर राबवली जात, आणि ही रीत ज्या सेनेच्या मोहिमांतून चाले तिचे सरसेनापतिपद क्रुगर यांनी १८६३ पासून दहा वर्षे सांभाळले. त्यांच्या कर्तबगारीचा हा भाग गौरवगाथांत सहसा येत नाही.

समुद्राचा प्रश्न पहिल्यांदा नीट ओळखला तो त्यांच्या आधीचे अध्यक्ष बर्गर्स यांनी. १८७५ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष मॅकमहॉन यांनी लवादात डेलागोआ उपसागर पोर्तुगालचा असल्याचा निवाडा दिला आणि ब्रिटनचा दावा फेटाळला. बर्गर्स युरोपात गेले, हॉलंडात कर्ज उभारले, रेल्वेचे साहित्य विकत घेतले. ते बंदरावरच गंजत पडले. खजिना रिता झाला आणि एप्रिल १८७७ मध्ये ब्रिटनने ट्रान्सवाल खालसा केले. क्रुगर दोनदा लंडनला जाऊन विनवणी करून आले. ती निष्फळ ठरल्यावर डिसेंबर १८८० मध्ये लढा उभा राहिला आणि २७ फेब्रुवारी १८८१ रोजी माजुबाच्या डोंगरावर ब्रिटिश फौजेचा पराभव झाला. १८८३ मध्ये क्रुगर अध्यक्ष झाले.

पुढच्याच वर्षीच्या लंडन कराराने अंतर्गत स्वातंत्र्य मिळाले, पण परराष्ट्रांशी करार करायचा तर ऑरेंज फ्री स्टेटचा अपवाद सोडून ब्रिटिश राणीची संमती बंधनकारक राहिली. क्रुगर लंडनहून हॉलंडला गेले. तेथे त्यांचे स्वागत दुरावलेल्या आप्तासारखे झाले. तेथून ते लिस्बनलाही जाऊन आले. या फेरीतून दोन गोष्टी हाती लागल्या. एक, डच भांडवलदारांना रेल्वेची सवलत, जिच्यातून १८८७ मध्ये ॲमस्टरडॅम येथे नेदरलँड्स-दक्षिण आफ्रिका रेल्वे कंपनी स्थापन झाली. दुसरी, एक माणूस : जाव्हात जन्मलेले, ॲमस्टरडॅमला कायदा शिकलेले पंचविशीतले विलेम लाइड्स. ते आधी सरकारी वकील आणि १८८८ पासून राज्यसचिव झाले. तीन महिने शाळेत गेलेला अध्यक्ष आणि डॉक्टरेट मिळवलेला सचिव या जोडीने पुढील दहा वर्षे राज्य चालवले. लाइड्स यांच्यामागोमाग डच शिक्षक, कारकून, अभियंते आले. शिक्षणखात्याचा प्रमुख डच, प्रिटोरियातील सभागृहाचा वास्तुरचनाकार डच. स्थानिक बोअरांना हे हॉलंडर डोळ्यांत खुपत. चांगल्या जागा परके पटकावतात आणि वर आपल्याला गावंढळ समजतात, ही तक्रार होती. कुशल स्थलांतरित म्हणून आज आइंडहोव्हन वा ॲमस्टरडॅमला येणाऱ्या मराठी वाचकाला हे चित्र आरशात पाहिल्यासारखे वाटावे.

१८८६ मध्ये विटवाटर्सरँडवर सोने सापडले आणि सगळे गणित बदलले. रित्या खजिन्याचे राज्य शतक संपण्याआधी जगाच्या सुमारे पाव भाग सोन्याचे उत्पादन करू लागले. पण ते सोने खोल आणि विरळ होते. ते काढायला यंत्रे, सुरुंगाची दारू, कोळसा आणि प्रचंड मजूरवर्ग लागे. यंत्रे समुद्रमार्गे येत, म्हणजे सोन्यानेही किल्ली बंदराच्याच हाती दिली. प्रिटोरियापासून डेलागोआ सुमारे ५६० किलोमीटर. जोहान्सबर्गपासून केपटाउन रेल्वेने त्याच्या जवळजवळ तिप्पट. क्रुगर यांचा हट्ट असा, की डेलागोआची वाट पक्की झाल्याशिवाय केपची रेल्वे आत घ्यायची नाही. जो रूळ आधी येईल तो दर ठरवील, हे त्यांनी अचूक ओळखले होते.

पैशाने तो हट्ट मोडला. १८९१ मध्ये डच कंपनी अडचणीत आली, तेव्हा केप सरकारने व्हालपासून जोहान्सबर्गपर्यंतच्या मार्गासाठी पैसा पुरवला आणि बदल्यात १८९४ अखेरपर्यंत त्या मार्गाचे दर ठरवण्याचा अधिकार घेतला. सप्टेंबर १८९२ मध्ये केपची गाडी जोहान्सबर्गला पोहोचली. पूर्वेकडे मात्र डच अभियंते कड्याशी झुंजत होते. वॉटरव्हाल येथे वीस मीटरला एक मीटर अशा चढावर दातेरी रूळ बसवून गाड्या वर ओढाव्या लागल्या. तापाने असंख्य मजूर दगावले. जुलै १८९५ मध्ये ही वाट अखेर समारंभपूर्वक खुली झाली.

स्वतःचा किनारा मिळवण्याचे प्रयत्नही चालूच होते. सेंट लुशिया उपसागराकडे जावे तर ब्रिटनने तो आधीच घेतलेला. मग स्वाझीलँडमधून कोसी उपसागर गाठण्याचा बेत झाला. स्वाझी लोकांना न विचारता १८९४ च्या कराराने त्यांचा कारभार ट्रान्सवालकडे आला. आणि १८९५ मध्ये ब्रिटनने स्वाझीलँड व समुद्र यांमधली टोंगालँडची पट्टी खालसा केली. देश मिळाला, पण दार भिंतीत उघडले. क्रुगर यांच्या सर्व पराभवांत हा त्यांना सर्वांत जिव्हारी लागलेला असावा.

त्याच वर्षी दरयुद्ध पेटले. केपचा करार संपताच डच कंपनीने व्हाल ते जोहान्सबर्ग या सुमारे ८० किलोमीटरच्या टप्प्याचे भाडे भरमसाट वाढवले. केपच्या व्यापाऱ्यांनी माल नदीकाठी उतरवून बैलगाड्यांनी नेण्यास सुरुवात केली. क्रुगर यांनी नदीचे उतारच बंद केले. ब्रिटनने निर्वाणीचा इशारा दिल्यावर नोव्हेंबरमध्ये ते उघडावे लागले. वर्ष संपता संपता केपचे पंतप्रधान सेसिल ऱ्होड्स यांच्या आशीर्वादाने जेमसन यांची सशस्त्र टोळी सरहद्द ओलांडून आली आणि २ जानेवारी १८९६ रोजी पकडली गेली.

घरात सारे आलबेल होते असे नाही. सुरुंगाच्या दारूची मक्तेदारी खाणींना लुबाडत होती आणि सवलतींच्या व्यवहारांत लाचलुचपत उघड होती. खाणींसाठी आलेले परदेशी कराचा मोठा भार उचलत, पण मतदानासाठी आवश्यक वास्तव्य १८९० मध्ये पाच वर्षांवरून चौदा वर्षांवर नेण्यात आले. १८९३ ची निवडणूक क्रुगर नऊशेहूनही कमी मतांनी जिंकले. १८९८ मध्ये फोल्क्सराडचे ठराव घटनेच्या कसोटीवर तपासण्याचा हक्क सांगणाऱ्या सरन्यायाधीशांना त्यांनी बडतर्फ केले. पहाटेपासून ओसरीवर पाइप ओढत बसणारा, कोणाही शेतकऱ्याला कॉफी पाजून त्याचे गाऱ्हाणे ऐकणारा हा अध्यक्ष न्यायालयाचा अंकुश मात्र सहन करू शकला नाही.

भारतीयांसाठी १८८५ चा तिसरा कायदा होता : नागरिकत्व नाही, जमीन नाही, नोंदणीशुल्क, आणि राहण्यासाठी वेगळ्या वस्त्या. १८९३ मध्ये प्रिटोरियात आलेल्या तरुण बॅरिस्टर गांधींना क्रुगर यांच्या घरासमोरील पदपथावरून पहारेकऱ्याने लाथ मारून खाली उतरवले. युद्ध आले तेव्हा गांधींची सहानुभूती बोअरांकडे होती आणि शुश्रूषापथक त्यांनी ब्रिटिशांसाठी उभारले. भारतीयांवरील अन्याय हे युद्धाचे एक कारण म्हणून ब्रिटिश मंत्री सांगत होते. जिंकल्यावर त्यांनी तोच कायदा अधिक काटेकोरपणे राबवला.

ऑक्टोबर १८९९ मध्ये युद्ध सुरू झाले. बोअरांचा गनिमी कावा पुढे १९०२ पर्यंत चालला; ब्रिटिश छावण्यांत २६,००० हून अधिक बोअर स्त्रिया व मुले आणि हजारो आफ्रिकी माणसे मेली. पकडलेल्या बोअर सैनिकांपैकी काही थेट अहमदनगरच्या किल्ल्यात आणून ठेवले गेले. पण क्रुगर यांचे युद्ध त्याआधीच संपले होते. मे १९०० अखेर, राजधानी पडण्याच्या तोंडावर, पंचाहत्तरीला टेकलेले अध्यक्ष आजारी पत्नी खेसिना यांना मागे ठेवून पूर्वेकडे निघाले. काही महिने सरकार रुळांच्या कडेने, रेल्वेच्या डब्यातून चालले. सप्टेंबरमध्ये त्याच डच मार्गाने ते लोरेन्सो मार्केसला उतरले.

वीस वर्षीय राणी विल्हेल्मिना यांनी गेल्डरलँड ही युद्धनौका पाठवली. २२ नोव्हेंबर १९०० रोजी ते मार्सेय बंदरात उतरले. फ्रान्समध्ये गर्दी लोटली. जर्मन सम्राटाने मात्र भेट नाकारली. डिसेंबरमध्ये द हेग येथे राणीने त्यांचे स्वागत केले. रस्त्यांना, चौकांना बोअर नावे देण्याची डच हौस याच काळातील. मदत म्हणाल तर ती सहानुभूतीपुरतीच राहिली. जाव्हा-सुमात्रा राखायचे तर समुद्रावर सत्ता असलेल्या ब्रिटनशी वैर हॉलंडला परवडणारे नव्हते. ट्रान्सवालकडे समुद्र नव्हता म्हणून तो अडकला, आणि हॉलंडचा सारा पसारा समुद्रापार होता म्हणून तोही बांधलेला होता.

हिल्व्हरसम आणि उत्रेख्त येथे क्रुगर यांचे दिवस गेले. डोळ्यांवर उपचार, बायबल, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या भेटी. जुलै १९०१ मध्ये खेसिना वारल्याची बातमी हिल्व्हरसमलाच कळली. सचिवांना सांगून त्यांनी आठवणी लिहवून घेतल्या. ३१ मे १९०२ रोजी तह झाला, प्रजासत्ताक संपले, पण ब्रिटिश प्रजाजन म्हणून परतण्यास ते तयार झाले नाहीत. १४ जुलै १९०४ रोजी स्वित्झर्लंडमधील क्लारेन्स येथे त्यांचे निधन झाले.

देह प्रथम द हेग येथे ठेवण्यात आला. मग ब्रिटिश सरकारच्या परवानगीने बटाव्हिअर नावाच्या डच जहाजाने तो आफ्रिकेकडे निघाला. जहाज केपटाउनला लागले, आणि जी रेल्वे प्रथम पोहोचू नये म्हणून क्रुगर यांनी इतकी वर्षे खटपट केली, त्याच केपच्या रुळांवरून शवपेटी प्रिटोरियाला नेण्यात आली. १६ डिसेंबर १९०४ रोजी तेथे दफन झाले.