चेहरा परत देणारे डॉक्टर : सर हॅरॉल्ड गिलीज

'प्लास्टिक सर्जरी' म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर सिनेतारका, सरळ केलेली नाके आणि सुरकुत्या घालवलेले चेहरे येतात. काहींना तर या शस्त्रक्रियेत खरोखरच प्लास्टिक वापरतात, असे वाटते. प्रत्यक्षात हा शब्द 'आकार देणे, घडवणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. कुंभार मातीला आकार देतो, तसा रुग्णाच्याच त्वचेला, मांसाला आणि हाडाला आकार देण्याचे हे शास्त्र. त्याला आजचे रूप देण्यात सर्वांत मोठा वाटा सर हॅरॉल्ड गिलीज यांचा. आणि त्याची सुरुवात सौंदर्यातून नव्हे, तर युद्धभूमीवरच्या विद्रूपतेतून झाली.

हॅरॉल्ड गिलीज यांचा जन्म १७ जून १८८२ रोजी न्यूझीलंडमधील डनेडिन येथे झाला. आठ भावंडांत ते धाकटे. लहानपणी घरच्या जिन्याच्या कठड्यावरून घसरताना त्यांच्या कोपराला इजा झाली आणि ते कायमचे आखडले. तरीही इंग्लंडला केंब्रिजमध्ये वैद्यकशास्त्र शिकताना ते विद्यापीठाच्या गोल्फ संघातून खेळले आणि १९०४ साली ऑक्सफर्डविरुद्धच्या प्रसिद्ध नौकाशर्यतीतही उतरले. पुढे लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात प्रशिक्षण घेऊन ते कान, नाक, घशाचे सर्जन झाले. स्वभाव खोडकर, वेशांतर करून मित्रांना फसवण्याची हौस, चित्रकलेची आवड. सुखवस्तू डॉक्टर म्हणून त्यांचे आयुष्य आरामात गेले असते. पण १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले.

या युद्धाने जखमांचे स्वरूप बदलले. सैनिक खंदकांत लढत होते. शरीर मातीआड असे. पण डोके वर काढताच चेहरा उघडा पडे. तोफगोळ्यांचे तुकडे एका क्षणात जबडा, नाक, गाल उडवून नेत. पूर्वी असे जखमी बहुधा तिथेच मरत. आता लोखंडी शिरस्त्राणे आणि सुधारलेली रुग्णवाहतूक यांमुळे त्यांचा जीव वाचू लागला. पण वाचलेल्या माणसाला धड चावता येत नसे, गिळता येत नसे, बोलता येत नसे. घरी गेल्यावर मुले घाबरतील, या भीतीने अनेकांना परत जाणेही नको वाटे.

१९१५ मध्ये गिलीज रेड क्रॉसतर्फे फ्रान्सला गेले. तेथे त्यांनी शार्ल व्हालाडिए या दंतवैद्याचे जबड्यावरचे काम पाहिले. पॅरिसमध्ये इपोलित मोरेस्तँ या सर्जनला चेहऱ्यावरील कर्करोगाची गाठ काढून ती जागा शेजारच्या त्वचेने झाकताना पाहिले आणि आपल्याला काय करायचे आहे, ते त्यांना उमगले. इंग्लंडला परतून त्यांनी लष्कराच्या मागे लागून १९१६ च्या सुरुवातीला ऑल्डरशॉटच्या लष्करी रुग्णालयात चेहऱ्याच्या जखमांसाठी स्वतंत्र विभाग मिळवला. असे रुग्ण भलतीकडे जाऊ नयेत म्हणून त्यांनी पदरचे दहा पौंड खर्चून पत्ता छापलेल्या चिठ्ठ्या घेतल्या आणि आघाडीवरच्या रुग्णालयांकडे पाठवल्या. त्याच वर्षी १ जुलैला सोमची लढाई सुरू झाली. दोनशेच्या आसपास जखमी येतील, असा अंदाज होता. आले सुमारे दोन हजार.

एवढ्या रुग्णांना ती जागा पुरणे शक्यच नव्हते. म्हणून १९१७ साली केंट परगण्यातील सिडकप येथे चेहऱ्याच्या जखमांसाठीच क्वीन्स रुग्णालय उभे राहिले. तेथे पुढच्या काही वर्षांत पाच हजारांहून अधिक सैनिकांवर अकरा हजारांवर शस्त्रक्रिया झाल्या. पेनिसिलिन अजून यायचे होते. जखम चिघळली, तर शरीराच्या प्रतिकारशक्तीवरच सारी भिस्त. रुग्णांना धक्का बसू नये म्हणून वॉर्डांतून आरसे काढून टाकले होते. गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरची काही बाके निळी रंगवली होती. त्यांवर विद्रूप चेहऱ्याचा सैनिक बसलेला असू शकतो, याची गावकऱ्यांना आधीच कल्पना मिळावी म्हणून. हेतू चांगला असला, तरी त्या निळ्या रंगाने सैनिकांना आपण वेगळे आहोत, हेही रोज सांगितले असणार.

सिडकपमधील एक प्रसंग वैद्यकाच्या इतिहासात नोंदला गेला आहे. विली व्हिकारेज हा नौसैनिक १९१६ च्या जटलंडच्या सागरी लढाईत भाजला होता. पापण्या मिटत नव्हत्या, खालचा ओठ बाहेर ओढला गेला होता. ऑक्टोबर १९१७ मध्ये गिलीज यांनी त्याच्या छातीवरील त्वचेचा मोठा भाग एका बाजूने जोडलेला ठेवून उचलला आणि चेहऱ्यावर आणला. असा रक्तपुरवठ्यासह उचललेला त्वचेचा भाग म्हणजे 'फ्लॅप'. तो मूळ जागेशी ज्या पट्ट्यांनी जोडलेला होता, त्यांच्या कडा आपोआप आत वळत असल्याचे गिलीज यांच्या लक्षात आले. मग या कडा एकमेकींना शिवून नळीच का करू नये?

कल्पना साधी होती, पण तिने दोन प्रश्न एकदम सुटले. पट्टा उघडा राहिला की त्याची आतली ओली बाजू जंतूंना मोकळे रान मिळवून देई. नळी केल्यावर ती बाजू आत बंद झाली. शिवाय आतल्या रक्तवाहिन्या सुरक्षित राहिल्यामुळे रक्तपुरवठा टिकू लागला. नळीचे एक टोक नव्या जागी जोडायचे, दोन-तीन आठवड्यांत तिथून नव्या रक्तवाहिन्या आत शिरल्या की मूळ टोक कापायचे. अशा रीतीने पोटाची त्वचा आधी मनगटावर आणि तिथून चेहऱ्यावर, असा टप्प्याटप्प्याने प्रवासही करता येऊ लागला. ओडेसा येथील व्लादिमिर फिलातोव्ह यांनीही त्याच सुमारास स्वतंत्रपणे ही युक्ती शोधली होती. पण त्या युद्धकाळात गिलीज यांना ते ठाऊक नव्हते.

मात्र हे यश सरळ रेषेत आले नाही. हेन्री लम्ली या तरुण वैमानिकाचा चेहरा विमान कोसळून भाजला होता. १९१८ च्या सुरुवातीला गिलीज यांनी त्याच्या छातीवरून जवळजवळ संपूर्ण चेहऱ्याएवढी त्वचा एकाच वेळी उचलून बसवली. दीर्घ आजाराने खंगलेल्या त्या शरीराला हा भार पेलला नाही. कलम सडू लागले आणि काही आठवड्यांत लम्लीचा मृत्यू झाला. या घटनेने गिलीज यांच्या कामाची पद्धत बदलली. एका बैठकीत सारे उरकण्याचा मोह टाळायचा, रुग्णाला दोन शस्त्रक्रियांमध्ये सावरू द्यायचे आणि आज केलेच पाहिजे असे नसेल, तर ते उद्यावर ढकलायचे, हा नियम ते पुढे आयुष्यभर आपल्या विद्यार्थ्यांना सांगत राहिले. घाई न करणे हेही कौशल्य आहे, हा धडा एका तरुणाच्या प्राणाच्या किमतीवर मिळाला होता.

सिडकपचे वैशिष्ट्य केवळ सुरी चालवण्यात नव्हते. दंतशल्यचिकित्सक विल्यम केल्सी फ्राय जबड्याची बाजू सांभाळत. भूलतज्ज्ञ आयव्हन मॅगिल आणि स्टॅन्ली रोबॉथम यांनी थेट श्वासनलिकेत नळी घालून भूल देण्याचे तंत्र येथेच विकसित केले. कारण ज्या चेहऱ्यावर शस्त्रक्रिया करायची, त्यावरच भुलीचा मुखवटा कसा ठेवणार? आज कोणत्याही मोठ्या शस्त्रक्रियेत दिसणारी ती नळी या गरजेतून रुळली. आधी सर्जन असलेले चित्रकार हेन्री टाँक्स रुग्णांची रंगीत चित्रे काढत. छायाचित्रे, प्लास्टरचे साचे, शस्त्रक्रियेचे आराखडे यांची प्रत्येक रुग्णामागे नोंद ठेवली जाई. काय जमले आणि काय फसले, हे पुढच्या डॉक्टरला कळावे म्हणून. त्या आधारावरच गिलीज यांनी १९२० मध्ये चेहऱ्याच्या प्लास्टिक सर्जरीवर ग्रंथ प्रसिद्ध केला.

या कामाची एक मुळी आपल्या पुण्यापर्यंत पोहोचते. टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धात इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा कावसजी शत्रूच्या हाती लागला आणि त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्याजवळ विटा बनवणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाची त्वचा खाली वळवून नवे नाक तयार केले. दोन इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिले आणि १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये त्याचा सचित्र वृत्तान्त छापून आला. तो वाचून जोसेफ कार्प्यू यांनी सराव केला आणि १८१४ मध्ये लंडनमध्ये अशी शस्त्रक्रिया यशस्वी केली. 'भारतीय पद्धत' म्हणून ओळखला जाणारा हा कपाळाचा फ्लॅप गिलीज यांच्याही हातात सतत होता.

त्याहून मागे गेले, तर सुश्रुतसंहिता भेटते. गालाच्या त्वचेने नाक घडवण्याची कृती तीत आहे, तशीच कान टोचल्यावर फाटलेली पाळी सांधण्याच्या पंधरा रीतीही आहेत. दागिन्यासाठी कान टोचायचे, छिद्र वाढवायचे आणि पाळी फाटली की वैद्याकडे जायचे. म्हणजे शरीर सजवणे आणि शरीर दुरुस्त करणे या दोन गोष्टी तेव्हापासून एकाच हाताने होत आल्या आहेत.

युद्ध संपल्यावर गिलीज यांच्यासमोर हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला. जखमी सैनिक कमी झाले आणि नाकाचा आकार, सैल पडलेली त्वचा, जड स्तन अशा तक्रारी घेऊन लोक येऊ लागले. अनेक सहकाऱ्यांना हे डॉक्टरच्या प्रतिष्ठेला न शोभणारे वाटले. गिलीज यांनी तसे मानले नाही. मोडलेले पूर्ववत करणे आणि जे आहे ते अधिक चांगले करणे, या दोन्हींत कौशल्य तेच लागते, आणि रुग्णाच्या वाट्याला थोडे अधिक समाधान येत असेल, तर तेही वैद्याचेच काम, अशी त्यांची भूमिका होती. १९३० साली त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. त्याच सुमारास न्यूझीलंडहून आलेले त्यांचे नातलग आर्चिबाल्ड मॅकिंडो त्यांच्याकडे काम शिकू लागले. दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या वैमानिकांवरील उपचारांमुळे मॅकिंडो प्रसिद्ध झाले. स्वतः गिलीज यांनी त्या काळात बेझिंगस्टोकजवळील रुक्सडाउन हाउस येथे जखमींवर उपचार केले. १९४६ मध्ये ब्रिटनमधील प्लास्टिक सर्जनांची संघटना स्थापन झाली, तेव्हा पहिले अध्यक्ष तेच होते.

याच वर्षी त्यांनी एक काम हाती घेतले, ज्याची वाच्यता करणेही तेव्हा अवघड होते. मायकेल डिलन यांचा जन्म स्त्री म्हणून नोंदला गेला होता. पण ते पुरुष म्हणून जगत होते. १९४६ ते १९४९ दरम्यान गिलीज यांनी त्यांच्यावर किमान तेरा शस्त्रक्रिया करून पुरुषाचे अवयव घडवले. तंत्र तेच, व्हिकारेजच्या वेळी सुचलेल्या त्वचेच्या नळीचे. रुग्णाची ओळख उघड होऊ नये म्हणून कागदोपत्री मूत्रमार्गाच्या जन्मजात दोषाची नोंद केली गेली. १९५१ मध्ये त्यांनी रॉबर्टा कॉवेल या माजी लढाऊ वैमानिकावर पुरुषाची स्त्री होण्याची शस्त्रक्रिया केली. डिलन पुढे भारतात आले, बौद्ध भिक्खू झाले आणि १९६२ साली डलहौसी येथे त्यांचे निधन झाले. ज्यांच्याकडे इतर डॉक्टर पाठ फिरवत, अशा रुग्णांना गिलीज यांनी दार उघडले. आपल्या शरीरात परक्यासारखे जगणे काय असते, हे सिडकपच्या वॉर्डांत त्यांनी हजारो चेहऱ्यांवर वाचले होते.

१९५७ मध्ये राल्फ मिलार्ड या अमेरिकी सर्जनसह लिहिलेला त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. वयाच्या ७८ व्या वर्षीही ते शस्त्रक्रिया करत होते. ३ ऑगस्ट १९६० रोजी एका अठरा वर्षांच्या मुलीच्या जखमी पायावर शस्त्रक्रिया करताना त्यांच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. त्यातून ते सावरले नाहीत. १० सप्टेंबर १९६० रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

त्वचेची ती नळी आता फारशी वापरात नाही. १९७० च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली बारीक रक्तवाहिन्या जोडण्याचे तंत्र आले आणि दूरवरची त्वचा एकाच शस्त्रक्रियेत आणून बसवणे शक्य झाले. कपाळाचा फ्लॅप मात्र नाक घडवण्यासाठी आजही वापरला जातो. दुभंगलेला ओठ घेऊन जन्मलेले बाळ, स्टोव्हच्या भडक्यात भाजलेली स्त्री, ॲसिडहल्ल्यातून वाचलेली मुलगी, अपघातात जबडा मोडलेला दुचाकीस्वार, कर्करोगामुळे गाल गमावलेला तंबाखूचा रुग्ण यांच्यावर उपचार करणारा प्लास्टिक सर्जन हीच परंपरा पुढे नेत असतो. अशा रुग्णांना चेहऱ्याचे काय एवढे, जीव वाचला ना, असे सहज म्हटले जाते. गिलीज यांचे सारे आयुष्य या समजुतीविरुद्ध खर्ची पडले. जीव वाचल्यानंतर माणसाला लोकांत मिसळता आले पाहिजे, आरशात पाहता आले पाहिजे; तोवर उपचार पूर्ण झाले, असे त्यांनी कधी मानले नाही.