चिपाडाचाही मालक शेतकरी! : पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील

गाळप हंगाम जवळ आला की अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचे अहमदनगर) जिल्ह्यातील साखर कारखान्यांवर बॉयलर अग्निप्रदीपनाचे समारंभ सुरू होतात. मान्यवरांच्या हस्ते पूजन, अध्यक्षांचे भाषण आणि गाळपाचे उद्दिष्ट यांनी वृत्तपत्रांचे रकाने भरतात. या अग्नीला पुढे चार-पाच महिने लागणारे इंधन मात्र कोळशाच्या खाणीतून येत नाही. ते उसाच्या मोळीबरोबरच कारखान्यात येते. रस काढल्यावर उरणारे चिपाड, ज्याला कारखान्याच्या भाषेत बगॅस म्हणतात, तेच बॉयलरमध्ये जळते, त्याच वाफेवर यंत्रे फिरतात आणि तीच वाफ रस आटवते. स्वतःचे इंधन कच्च्या मालातच घेऊन येणारा असा उद्योग विरळाच. या इंधनावर हक्क कोणाचा, हा प्रश्न प्रवरेच्या काठी ज्यांनी निकालात काढला, ते लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील.

आज राहाता तालुक्यात असलेल्या लोणी बुद्रुक येथे एका शेतकरी कुटुंबात नारळी पौर्णिमेच्या दिवशी त्यांचा जन्म झाला. शाळेचे शिक्षण जेमतेम. पण माणसे ओळखण्याची आणि हिशेब चोख ठेवण्याची जाण पक्की. सावकारी पाशात अडकलेले गाव पाहून त्यांनी १९२३ मध्ये लोणीत सहकारी पतपेढी उभी केली. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरा कालव्यांच्या पाण्याने या दुष्काळी पट्ट्यात ऊस पसरला. पाणी आले, पीक आले. पैसा मात्र शेतकऱ्याच्या हाती टिकेना.

याचे कारण बाजारात होते, तसे गुऱ्हाळातही होते. चरकातून निघालेल्या चिपाडात बराच रस तसाच राहून जाई. ते चिपाड उन्हात वाळवून चुलवणात घातले जाई. वर उघडी काहील, खाली धगधगता जाळ. रसातील पाण्याची सगळी वाफ आणि तिच्यातील उष्णता आकाशात निघून जाई. इतके करून तयार झालेला गूळ फार काळ टिकत नसल्याने व्यापारी देईल त्या भावाला विकावा लागे. जागतिक मंदीच्या काळात गुळाचे भाव कोसळले, तेव्हा बागायतदार कर्जात बुडाला. ओलिताची जमीन असूनही माणूस कर्जबाजारी राहतो, हे कोडे विठ्ठलरावांनी घरच्या आणि शेजारच्या बांधावर पाहिले होते.

१९३२ मध्ये देशी साखर उद्योगाला संरक्षण मिळाले. हरेगावची बेलापूर कंपनी किंवा टिळकनगरची महाराष्ट्र शुगर मिल्स यांसारखे खासगी कारखाने याच परिसरात होते. पण हरेगावसारख्या ठिकाणी कारखाना शेतकऱ्यांच्याच जमिनी खंडाने घेऊन स्वतः ऊस पिकवीत असे. शेतकऱ्याच्या वाट्याला खंड येई किंवा मजुरी. साखर, मळी आणि चिपाड हे सारे भागधारकांचे.

डिसेंबर १९४५ मध्ये बेलापूर रोड, म्हणजे आजच्या श्रीरामपूर येथे दख्खन कालव्यांवरील बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ होते. शेतकऱ्यांनी स्वतःच सहकारी साखर कारखाना काढावा, हा विचार तेथे मांडला गेला. विचार पुण्याच्या विद्वानाचा, पण त्याला पाय फुटले ते विठ्ठलरावांमुळे. त्यांनी गावोगाव फिरून भागभांडवल गोळा केले. काम सोपे नव्हते. अडाणी शेतकरी कारखाना काय चालवणार, अशी टिंगल होत होती. आणि ज्याच्या घरी बियाण्याला पैसा नाही त्याने कधी न पाहिलेल्या यंत्रासाठी पैसे द्यावेत, ही अपेक्षाही धाडसाचीच होती. मुंबई सरकारातील अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता यांचे पाठबळ मिळाले, सरकारी साहाय्य आणि कर्ज उभे राहिले. १९४८ मध्ये प्रवरा सहकारी साखर कारखान्याची नोंदणी झाली आणि १९५०-५१ मध्ये पहिला गाळप हंगाम पार पडला. गाळपक्षमता रोजची ५०० टन. पहिली सुमारे दहा वर्षे अध्यक्षपद गाडगीळांकडे होते. विठ्ठलरावांनी स्वतःकडे कामाचा भार घेतला, मानाची खुर्ची तज्ज्ञाला दिली. राजकारणातील माणसांनी या एका निर्णयाकडे जरा निरखून पाहावे असे वाटते.

या कारखान्याने शेतकऱ्याला नेमके काय दिले? चांगला भाव दिला, हे सर्वज्ञात आहे. पण त्यामागे वाफेचे शास्त्र होते. लुइझियानातील नॉर्बर्ट रिलियू या अभियंत्याने १८४० च्या दशकात एक युक्ती सिद्ध केली होती. रस एका बंद भांड्यात उकळायचा आणि त्याची वाफ वाया न घालवता तिच्यावर पुढील भांड्यातील रस आटवायचा. पुढील भांड्यात दाब कमी ठेवला की तेथील रस कमी उष्णतेवरच उकळतो. गुऱ्हाळात एकदाच वापरून सोडून दिलेली उष्णता येथे तीन-चार वेळा कामाला येते. उसाच्या वजनाच्या २८ ते ३० टक्के चिपाड निघते आणि त्यात निम्मे पाणी असते. तरीही तेवढ्यात सारा कारखाना चालतो. ५०० टन उसामागे रोज सुमारे दीडशे टन चिपाड! ते विकत घ्यायचे नव्हते आणि आता त्याचा मालक ऊस पिकवणारा शेतकरीच होता.

१९६१ मध्ये विठ्ठलरावांना पद्मश्री मिळाली. कोपरगाव, राहुरी, संगमनेर अशा ठिकाणी सहकारी कारखान्यांची धुराडी उभी राहिली आणि उर्वरित महाराष्ट्राने तोच मार्ग धरला. प्रवरा परिसरात शाळा आल्या, रुग्णालय आले. २७ एप्रिल १९८० रोजी विठ्ठलरावांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिवस, नारळी पौर्णिमा, राज्य शासनाने शेतकरी दिन म्हणून जाहीर केला आहे.

त्यांच्या हयातीत एक गोष्ट मात्र घडली नाही. त्या काळचे बॉयलर कमी दाबाचे असत, साधारण २१ किलो प्रति चौरस सेंटिमीटरचे. यामागे अज्ञान नव्हते, सोय होती. चिपाड उरले तर ठेवायचे कोठे आणि आग लागली तर काय, या चिंतेपोटी ते सारे जळून जावे अशीच रचना केली जाई. शिल्लक वीज विकत घेणारे कोणी नव्हते. मॉरिशसमध्ये १९५७ पासून साखर कारखान्याची वीज सार्वजनिक जाळ्यात जाऊ लागली होती. आपल्याकडे तो विचार १९९० च्या दशकात मूळ धरू लागला. त्याच चिपाडावर ६७ किंवा त्याहून अधिक दाबाची वाफ केली, गिरण्यांना विजेच्या मोटारी बसवल्या आणि रस आटवण्यातील वाफेची उधळपट्टी थांबवली, की एका टन उसामागे शंभर युनिटांच्या आसपास वीज तयार होऊ शकते. कारखान्याची गरज त्याहून बरीच कमी. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याने साखर उद्योगाला ऊर्जाप्रधान उद्योगांत गणले, २००२ मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने सहवीजनिर्मितीचा दर ठरवला आणि २००८ मध्ये राज्याने या प्रकल्पांना सवलती दिल्या.

प्रवरानगरात ३० मेगावॅटचा सहवीज प्रकल्प २०१५ मध्ये सुरू झाला. तो गॅमन समूहातील कंपनीने बांधा, चालवा आणि मुदतीनंतर हस्तांतरित करा या तत्त्वावर उभारला. चिपाड सभासदांच्या उसाचे, बॉयलर मात्र बाहेरच्या भांडवलाचा. १९४५ मध्ये बेलापूर रोडला विचारलेला प्रश्न असा वेगळ्या रूपाने पुन्हा समोर आला, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. उच्च दाबाचे तंत्र महाग असते आणि गाळप चार-पाच महिन्यांचेच. उरलेल्या काळात इंधन साठवलेले चिपाड नाहीतर कोळसा.

ही वीज स्वच्छ खरी, कारण जळताना निघणारा कार्बन त्याच पिकाने हवेतून घेतलेला असतो. पण ऊस पाणी पितो, आणि अतिपाण्याने कालव्याकाठच्या जमिनी खारवल्या, हेही याच पट्ट्यातील वास्तव. ठिबक सिंचनाचा खर्च आणि बॉयलरचा खर्च हे दोन वेगळ्या खात्यांत मांडले जातात; विठ्ठलरावांच्या पतपेढीच्या वहीत ते बहुधा एकाच पानावर आले असते. सहवीजेचे खरेदी करार साधारण १३ वर्षांचे आहेत. जुन्या प्रकल्पांच्या कराराची मुदत संपत आली की नवा दर काय मिळणार, याकडे आता संचालक मंडळांचे डोळे लागलेले असतात.