रुडॉल्फ डिझेल : रोज उच्चारले जाणारे नाव

आमच्या झोटवाड्याच्या औद्योगिक वसाहतीतून मालमोटारींची ये-जा अहोरात्र चालू असते. उन्हाळ्यात आंधी येऊन गेली, की एखादी मालमोटार चढावर दमते आणि काळा धूर ओकू लागते. जाणता मिस्त्री अशा वेळी इंजिन उघडीत नाही. तो प्रथम एअर फिल्टर काढून पाहतो. धुळीने हवेची वाट अडली, तर तेल पुरते जळत नाही; जोर घटतो आणि धूर वाढतो. हवा मोकळी असूनही तक्रार राहिली, तर तो तेल फवारणारे नोझल तपासतो आणि शेवटी पिस्टनच्या रिंगांकडे वळतो; कारण रिंगा झिजल्या की दाब गळतो. हवा, तेल आणि दाब या तिहींचा मेळ ज्याने प्रथम बसविला, त्या पुरुषाचे नाव आपण रोज घेतो. परंतु ते तेलाचे नाव समजून!

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिस येथे, मूळच्या बव्हेरियातील कुटुंबात झाला. वडील पुस्तकबांधणीचा व्यवसाय करीत. १८७० मध्ये फ्रान्स व जर्मनी यांचे युद्ध पेटले आणि या कुटुंबाला पॅरिस सोडून लंडन गाठावे लागले. बारा वर्षांच्या रुडॉल्फला शिक्षणासाठी एकट्यालाच आउग्सबुर्ग येथे नातेवाइकांकडे धाडण्यात आले. बदलीच्या नोकरीपायी ज्यांनी आपली मुले पुण्या-नाशिकला आप्तांकडे ठेवली, त्यांना त्या मुलाचे मन निराळे सांगावयास नको.

पुढे म्युनिक येथे प्राध्यापक लिंडे यांच्या व्याख्यानांत त्यांना कळले, की वाफेच्या यंत्रात कोळशाच्या उष्णतेचा जेमतेम दशांश कामी येतो. बाकी सारी वाया जाते. ही नासाडी त्यांच्या मनाला लागून राहिली. हवा इतकी दाबावी, की तापलेल्या त्या हवेत तेल ठिणगीवाचून पेट घेईल, ही त्यांची कल्पना. १८९२ मध्ये त्यांनी तिच्या पेटंटसाठी अर्ज केला.

कल्पना आणि यंत्र यांत मात्र पाच वर्षांचे अंतर पडले. १० ऑगस्ट १८९३ रोजी पहिल्याच चाचणीत स्फोट होऊन दाब मोजणारे उपकरण उडाले. १८९४ च्या फेब्रुवारीत इंजिन स्वतःच्या बळावर चालले, तेही केवळ मिनिटभर! डिझेल खचले नाहीत. तेल आत कसे सोडावे, किती सोडावे, दाब कोठे गळतो, याचा ते एकेक करून शोध घेत राहिले. १७ फेब्रुवारी १८९७ रोजी प्राध्यापक श्र्योटर यांनी अधिकृत चाचणी घेतली, तेव्हा उष्णतेचा सुमारे २६ टक्के भाग कामी आला.

तथापि ते इंजिन अवजड होते. तेल आत फुंकण्यासाठी दाबलेल्या हवेचा वेगळा पंप लागे. कारखान्यांना व जहाजांना ते चालले; मालमोटारीला पेलवले नाही. इकडे कर्जाचा डोंगर वाढत होता. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री डिझेल अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ‘ड्रेस्डेन’ बोटीवरून नाहीसे झाले. काही दिवसांनी त्यांचा देह समुद्रात आढळला. आत्महत्या की अपघात, याचा निर्णय आजवर लागलेला नाही.

१९२४ मध्ये जर्मनीत डिझेलवर चालणाऱ्या मालमोटारी रस्त्यावर आल्या. १९२७ पासून बॉश कंपनीचे तेलाचे पंप मिळू लागले आणि त्यांची वाट सुकर झाली. जन्मदाता हे पाहावयास नव्हता. आपल्याकडे १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि खडकीच्या कारखान्यातील इंजिने गावोगावच्या विहिरींवर बसली. बालपणी मळ्यातून ऐकलेली ती ठकठक आमच्या कानांत अजून आहे. गाव सुटले तरी ती सुटली नाही.

ज्या आउग्सबुर्गला बारा वर्षांचा पोरका जीव परक्या घरी राहिला, त्याच गावी त्याचे इंजिन प्रथम चालले. घरापासून दूर आलेल्या माणसाचे कामच अखेर त्या गावाला त्याचे गाव करते. आपल्या मंडळाच्या पन्नास वर्षांकडे पाहताना आम्हांला हेच जाणवते. यापुढे झोटवाड्याच्या चढावर एखादी मालमोटार धूर न ओकता सहज पुढे गेली, तर त्या दुर्दैवी यंत्रज्ञाचे क्षणभर स्मरण व्हावे, एवढीच इच्छा.