आभाळाची नोंद ठेवणारे केरूनाना

दिवाळी आटोपलेली असते, कापसाची सीतादही झालेली असते आणि शेतात बोंडे पांढरीशुभ्र फुटलेली असतात. वऱ्हाडातला शेतकरी वर्षभर ज्या दिवसांची वाट पाहतो ते हेच दिवस. 2025 साली नेमक्या याच दिवसांत, 28 ऑक्टोबरला, दूर जमैका बेटावर मेलिसा नावाचे वादळ ताशी सुमारे 295 किलोमीटर वेगाचा वारा घेऊन आदळले. त्याच दिवशी बंगालच्या उपसागरातले मोंथा वादळ आंध्रच्या किनाऱ्यावर चढले. मेलिसाने केलेला विध्वंस आम्ही मोबाइलवर पाहिला. मोंथाचे ढग मात्र आमच्या डोक्यावर आले.

आमचे गाव अकोला आणि अमरावती यांच्या मध्ये, मूर्तिजापूरच्या बाजूला आहे. त्या दिवसांत पारावर दुसरा विषय नव्हता. आमचे आबाजी पंचांग पाहून नक्षत्राचे वाहन सांगत होते. कोणी अक्षय्य तृतीयेच्या भेंडवळच्या घटमांडणीत काय निघाले होते ते आठवत होता. तरुण मुले मोबाइलवरची वादळाची चित्रे दाखवत होती. सगळे हवामानाचे जाणकार! पण पाऊस किती मिलिमीटर पडला, असे मी विचारले तेव्हा सगळे गप्प झाले. आणि त्याच आकड्यावर तर सारे अवलंबून असते. मंडळाच्या पर्जन्यमापकात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस भरला तर अतिवृष्टी. नाही भरला तर नाही. ते यंत्र आमच्या शिवारापासून लांब. पूर्वी एकदा आमच्या वावरात गुडघाभर पाणी आणि यंत्रात आकडा थोडका, असे झाले होते. त्या साली आमच्या घरी मदतीचा रुपयाही आला नाही.

आकड्याचे हे मोल कळल्यामुळेच मला या लेखात एका अशा माणसाचे चरित्र सांगावेसे वाटते, ज्याने वयाच्या सोळाव्या वर्षापासून आभाळाचे आकडे लिहिले. ते म्हणजे केरो लक्ष्मण छत्रे, अर्थात केरूनाना. लोकमान्य टिळकांचे गणिताचे गुरू म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण त्यांची खरी सुरुवात हवामानाच्या नोंदवहीपासून झाली.

केरूनानांचा जन्म 16 मे 1824 रोजी अलिबागजवळच्या नागाव येथे झाला. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपल्यामुळे त्यांचे चुलते बापू छत्रे यांच्या आश्रयाने त्यांचे मुंबईत शिक्षण सुरू झाले. हे बापू म्हणजे मराठीत इसापच्या गोष्टी आणणारे सदाशिव काशीनाथ छत्रे. पुढे एल्फिन्स्टन संस्थेत केरूनानांना बाळशास्त्री जांभेकर आणि प्राध्यापक ऑर्लेबार यांच्यासारखे शिक्षक लाभले. इंग्रजी विद्येचा तो पहिला बहर होता. नव्या विद्येची गोडी लागलेल्या त्या पिढीत गणिताकडे आणि सृष्टिशास्त्राकडे केरूनानांचा ओढा विशेष होता.

मुंबईच्या कुलाबा बेटावर कंपनी सरकारने 1826 साली वेधशाळा स्थापन केली होती. जहाजांना अचूक वेळ कळावी हा तिचा मूळ हेतू. पुढे 1841 पासून तेथे हवामान आणि पृथ्वीचे चुंबकत्व यांच्या नियमित नोंदी सुरू झाल्या. या कामासाठी ऑर्लेबार यांनी आपल्या शिष्याला हाताशी घेतले. 1840 च्या अखेरीस केरूनाना तेथे मदतनीस म्हणून लागले. वय अवघे सोळा!

त्या कामाची कल्पना करून पाहा. ठरलेल्या वेळी उठायचे, दिव्याच्या उजेडात वायुभारमापकातल्या पाऱ्याची उंची पाहायची, उष्णतामापक वाचायचा, वाऱ्याची दिशा पाहायची, पाऊस मोजायचा आणि सर्व वहीत लिहायचे. वादळ असो की निरभ्र रात्र, काम तेच. बहुतेक दिवशी वहीत काही नवल नसते. कोणी शाबासकी देत नाही. अशी सुमारे दहा वर्षे त्यांनी काढली.

पण या कंटाळवाण्या वहीचाच वादळात उपयोग होतो. चक्रीवादळ जवळ येऊ लागले की वारा भडकण्याच्या आधीच हवेचा दाब उतरू लागतो. दाब उतरला, हे कळायचे कसे? एरवी तो किती असतो, हे ठाऊक असेल तरच! शांत दिवसांची नोंद नसेल, तर वादळाच्या दिवसाचा आकडा मुका राहतो.

ज्या काळात केरूनाना कुलाब्याला आकडे लिहीत होते, त्याच काळात कलकत्त्याला हेन्री पिडिंग्टन नावाचा एक जुना दर्यावर्दी जहाजांच्या वह्यांतून वादळांची माहिती गोळा करत होता. वादळात वारा सरळ वाहत नाही, तो एका केंद्राभोवती फिरतो, हे त्याने खलाशांना समजावले. सापाच्या वेटोळ्यावरून त्याने 1848 साली या वादळांना सायक्लोन हे नाव दिले. आज जगभर हा शब्द चालतो, पण तो जन्मला आपल्या देशात. आपल्या गोलार्धात हे वेटोळे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते. मान्सून परतताना, ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, समुद्र अजून उबदार असतो आणि बंगालच्या उपसागरात अशी वेटोळी तयार होतात. किनाऱ्यावर चढल्यावर त्यांचा जोर ओसरतो, पण उरलेले ढग कधी कधी तेलंगणावरून विदर्भात येतात. समुद्र न पाहिलेल्या आमच्या गावातला कापूस समुद्रातल्या वादळाने भिजतो तो असा!

1851 च्या सुमारास केरूनाना पुण्यास शिक्षकी पेशात आले. नोव्हेंबर 1854 च्या आरंभी मुंबईवर प्रचंड वादळ येऊन बंदरातली असंख्य गलबते फुटली आणि शेकडो माणसे दगावली, तेव्हा ते कुलाब्यास नव्हते. त्यांनी सुरुवात करून दिलेले काम मात्र तेथे चालू होते.

नोंदवही सुटली तरी आभाळ सुटले नाही. हवा, भरतीओहोटी, कालज्ञान अशा विषयांवर त्यांनी ज्ञानप्रसारक सभेसाठी मराठीत निबंध लिहिले. शास्त्र सांगण्यासाठी मराठीत धड शब्दही नव्हते, तेव्हाची ही गोष्ट आहे. सूर्यावरच्या डागांची निरीक्षणे त्यांनी ठेवली आणि त्या डागांचा पृथ्वीवरच्या हवामानाशी काही संबंध आहे काय, याचा शोध घेतला. हा प्रश्न शास्त्रज्ञांना पुढेही फार काळ पुरला. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी अंकगणित आणि पदार्थविज्ञान यांवर पुस्तके लिहिली. पुढे डेक्कन कॉलेजात ते गणिताचे प्राध्यापक झाले. टिळक 1876 साली तेथून बी. ए. झाले, गुरूंविषयीचा आदर त्यांनी जन्मभर बाळगला.

केरूनानांची मोठी लढाई झाली ती पंचांगाशी. त्या काळी पंचांगे जुन्या ग्रंथांवरून केली जात. शतकानुशतके साचलेल्या फरकामुळे पंचांगातला ग्रह एका जागी आणि आकाशातला दुसऱ्या जागी, अशी गत झाली होती. केरूनानांनी 1860 साली ग्रहसाधनाची कोष्टके हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि नव्या गणिताने ग्रहांची स्थाने काढण्याची वाट मराठीत खुली केली. आबासाहेब पटवर्धन यांच्या साहाय्याने 1865 पासून त्यांचे नवे पंचांग निघू लागले. त्याला पटवर्धनी पंचांग म्हणतात. आकाश आणि पंचांग यांचा मेळ बसत नसेल तर बदलायचे पंचांगाने, आकाशाने नव्हे, इतकी साधी त्यांची भूमिका. पण धर्मकृत्ये ज्याच्यावर चालतात ते पंचांग बदलणे लोकांना रुचले नाही. फार थोड्यांनी ते स्वीकारले. तरीही त्यांनी ते सोडले नाही. पुढे शुद्ध पंचांगाचा हा विषय टिळकांनी हाती घेतला.

1877 साली सरकारने त्यांना रावबहादुर ही पदवी दिली. 1879 साली ते निवृत्त झाले आणि 19 मार्च 1884 रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मागे काय घडले तेही पाहण्यासारखे आहे. त्यांच्या हयातीतच, 1875 साली, भारताचे हवामान खाते स्थापन झाले. 1904 साली, मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून, चुंबकीय नोंदींचे काम कुलाब्याहून अलिबागला गेले, म्हणजे केरूनानांच्या जन्मगावाच्या शेजारी! 1928 साली हवामान खात्याचे मुख्यालय पुण्यास आले, म्हणजे त्यांच्या कर्मभूमीत. 2024 साली त्यांच्या जन्माला 200 वर्षे पूर्ण झाली.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. शिकून काय करशील, असे गावात विचारतात, तेव्हा मला उत्तर सुचत नसे. केरूनानांचे चरित्र वाचल्यावर निदान एक गोष्ट सुचली. गेल्या जूनपासून मी आमच्या अंगणात एक साधे पर्जन्यमापक ठेवले आहे. रोज सकाळी साडेआठला मी ते पाहतो. मी कॉलेजात असलो की आबाजी पाहतात. त्यांना लिहिता येत नाही म्हणून ते पाण्याची खूण काडीवर करून ठेवतात आणि शनिवारी घरी गेल्यावर मी मोजून वहीत उतरवतो. आमचा आकडा सरकारी कागदावर चालणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण पुढच्या वेळी पारावर कोणी विचारले, किती पडला, तर गप्प बसण्याची पाळी येणार नाही. दहा गावांत अशा दहा वह्या झाल्या, तर लांबच्या यंत्राला निदान प्रश्न तरी विचारता येईल.

आबाजी अजूनही नक्षत्राचे वाहन सांगतात. पण आता सांगून झाले की काडीही पुढे करतात.

(बी. ए. भाग 2)