हवेच्या वजनाचे गणित मांडणारे सर स्टॅन्ली हूकर

इंजिनाची ताकद इंधनात असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात ते इंधन जाळण्यासाठी किती वजनाची हवा सिलिंडरमध्ये शिरते, यावर ही ताकद ठरते. सुपरचार्जर हवा दाबून आत ढकलतो. पण दाबलेली हवा तापते, हे सायकलच्या पंपाला हात लावणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. तापलेली हवा विरळ होते आणि दाबण्याचा बराचसा लाभ तिथेच गमावला जातो. शिवाय अतिउष्ण मिश्रण अवेळी भडकून इंजिन निकामी होण्याचे भय असते ते वेगळेच. दुसऱ्या महायुद्धात या प्रश्नाशी अनेक वैमानिकांचे प्राण बांधले गेले होते. तो सोडविण्यात सिंहाचा वाटा उचलला तो मुळात इंजिनिअर नसलेल्या एका गणितज्ञाने. त्यांचे नाव स्टॅन्ली हूकर.

हूकर यांचा जन्म ३० सप्टेंबर १९०७ रोजी इंग्लंडमधील केंट परगण्यातल्या शीअरनेस येथे झाला. शिष्यवृत्तीच्या बळावर ते लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात गणित शिकले आणि वाहत्या द्रवांच्या व वायूंच्या गणिताकडे वळले. पुढे ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज कॉलेजात संशोधन करून १९३५ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. काही काळ ब्रिटिश नौदल खात्यात काम केल्यानंतर जानेवारी १९३८ मध्ये ते डर्बी येथील रोल्स-रॉईस कंपनीत दाखल झाले. कारखान्याचे प्रमुख अर्नेस्ट हाइव्ह्ज यांनी पहिल्याच भेटीत त्यांच्या इंजिनिअरिंगच्या ज्ञानाविषयी थट्टेने शंका व्यक्त केली होती. हूकर यांनी ती थट्टा आयुष्यभर प्रेमाने जपली आणि आपल्या आत्मचरित्राच्या नावातही गुंफली.

आरंभी त्यांना ठरावीक काम नव्हते. अशात मर्लिन इंजिनाच्या सुपरचार्जरच्या चाचण्यांचे आकडे त्यांच्या हाती पडले. पंख्याच्या पात्यांमधून हवा कशी वाहते, याचे गणित त्यांनी मांडले, तेव्हा रचनेत सुधारणेला बराच वाव असल्याचे दिसून आले. सुपरचार्जर जितका अकार्यक्षम, तितकी इंजिनाची अधिक शक्ती हवा नुसती तापविण्यात खर्ची पडते. त्यांचा अहवाल वरिष्ठांनी खुल्या मनाने स्वीकारला आणि सुपरचार्जरचे काम या नवख्या माणसाकडे सोपविले. त्यातून साकारलेले मर्लिन ४५ इंजिन १९४१ मध्ये स्पिटफायर ५ या लढाऊ विमानावर बसून आघाडीवर गेले.

मर्लिनमध्ये कार्ब्युरेटर सुपरचार्जरच्या आधी होता. त्यामुळे पेट्रोलची वाफ होताना हवेतील उष्णता शोषली जाई आणि मिश्रण सुमारे २५ अंश सेल्सियसने थंड होई. जर्मन इंजिने पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारत. त्यांना हा लाभ नव्हता. पण या लाभाची किंमतही मोजावी लागे. विमानाने एकाएकी खाली सूर मारला, की कार्ब्युरेटरचा पुरवठा बिघडून मर्लिन क्षणभर बंद पडे आणि शत्रू निसटून जाई. या दोषावर १९४१ मध्ये बिएट्रिस शिलिंग या महिला इंजिनिअरने एका साध्या छिद्राच्या चकतीचा उपाय शोधला.

त्याच वर्षी जर्मनीचे फॉके-वुल्फ १९० हे विमान आकाशात आले आणि स्पिटफायर ५ त्याच्यापुढे फिके पडू लागले. ब्रिटिश वैमानिकांची हानी वाढू लागली. ३० हजार फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम ३७ टक्के उरते. तेथे एका सुपरचार्जरचे बळ अपुरे पडे. अतिउंचीवरून उडणाऱ्या वेलिंग्टन बॉम्बफेकी विमानासाठी हूकर यांच्या गटाने दोन सुपरचार्जर एकापुढे एक जोडून पाहिले होते. मात्र दोनदा दाबलेली हवा इतकी तापे की ती थंड केल्याखेरीज इंजिनात सोडणे शक्यच नव्हते. म्हणून सुपरचार्जर आणि सिलिंडर यांच्यामध्ये इंटरकूलर बसविण्यात आला. त्यात पाणी व ग्लायकॉल यांचे मिश्रण फिरे. त्याचा पंप आणि रेडिएटर इंजिनाच्या मुख्य शीतकरणाहून स्वतंत्र होते.

हेच इंजिन स्पिटफायरवर बसविले तर काय होईल, हा विचार हाइव्ह्ज यांनी पुढे आणला. मर्लिन ६१ बसविलेले स्पिटफायर ९ जुलै १९४२ मध्ये युद्धात उतरले. जादा रेडिएटरसाठी त्याच्या दोन्ही पंखांखाली सारख्याच मोठ्या पेट्या दिसत. ३० हजार फुटांवर नव्या इंजिनाची शक्ती मर्लिन ४५ पेक्षा सुमारे ३०० अश्वशक्तीने अधिक होती आणि विमानाचा वेग ताशी जवळजवळ ११० किलोमीटरने वाढला. इंजिनाचे आकारमान तेच, २७ लिटर, राहिले. बदलले ते त्यात शिरणाऱ्या हवेचे वजन.

युद्धाच्या उत्तरार्धात हूकर जेट इंजिनांकडे वळले. हाइव्ह्ज यांच्याशी मतभेद झाल्याने १९४९ मध्ये ते ब्रिस्टल कंपनीत गेले. तेथे थंड हवेनेच त्यांची परीक्षा पाहिली. प्रोटियस इंजिनाच्या हवेच्या वळणदार मार्गात उष्ण कटिबंधावरील दमट ढगांमधून जाताना बर्फ साचे आणि इंजिन विझे. त्यावर उपाय शोधताना त्यांच्या गटाचा कस लागला. याच काळात घडलेले ऑर्फियस इंजिन भारताच्या नॅट आणि मारुत विमानांना लाभले आणि बंगळुरूला तयारही झाले. गोव्याच्या दाभोळी तळावरून २०१६ पर्यंत उडालेल्या नौदलाच्या सी हॅरियर विमानांचे पेगॅसस इंजिनही त्यांच्याच कारकिर्दीतले.

१९७१ मध्ये रोल्स-रॉईसचे दिवाळे निघाले, तेव्हा निवृत्त हूकर पुन्हा डर्बीला परतले आणि आरबी २११ हे इंजिन त्यांनी मार्गी लावले. १९७४ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. २४ मे १९८४ रोजी त्यांचे निधन झाले.

आज आपल्या रस्त्यांवर धावणाऱ्या बहुतेक टर्बो मोटारींच्या इंजिनाला इंटरकूलर जोडलेला असतो. छोट्या इंजिनाकडून मोठे काम करून घेण्याची युक्ती त्यात आहे. ती एकट्या हूकर यांची नव्हे. पण हवा नुसती दाबून भागत नाही, ती थंडही राखावी लागते, हे जीवन-मरणाच्या कसोटीवर सिद्ध करणाऱ्यांत या गणितज्ञाचे स्थान फार वरचे आहे.