सभासद जोतीराव

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. मराठी मला दहावीपर्यंत एका विषयापुरतं होतं आणि त्यातले निबंधही बऱ्याचदा आईच सांगायची. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर मराठी विभागाच्या मॅडमना दोष देऊ नका, त्यांनी बिचाऱ्यांनी हा लेख दोनदा तपासला आहे. पण यंदा लिहायचंच असं ठरवलं होतं. एक गोष्ट गेले काही महिने डोक्यातून जात नाहीये. तिची सुरुवात आपल्या होस्टेलच्या कॉमन रूममध्ये झाली.

गेल्या वर्षी गॅदरिंगच्या आधी होस्टेल कमिटीची मीटिंग झाली, आठवतंय? फंडात बारा हजार रुपये शिल्लक होते. ते प्रमुख पाहुण्यांच्या स्वागतासाठी वापरावेत असा विषय निघाला. फ्लेक्स, शाल, बुके, मोमेंटो वगैरे. फर्स्ट इयरची एक मुलगी उठली आणि म्हणाली की त्यापेक्षा बुक बँकेसाठी पुस्तकं घेऊया. सेमिस्टर संपत आलं तरी तिच्या रूममधल्या दोघींचं एका पुस्तकाच्या झेरॉक्सवर चाललं होतं. शेवटी हात वर करून मतं घेतली. विरोधात एकच हात! कोणीतरी हसलं, मग आम्ही सगळेच हसलो. मीपण हसले. बाजूने जे हात वर होते त्यात माझाही होता.

मग दिवाळीच्या सुट्टीत मी घरी पुण्याला गेले. धाकट्या भावाला शाळेच्या प्रोजेक्टसाठी फुलेवाडा बघायचा होता. आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर गंज पेठ, आणि वीस वर्षांत मी एकदाही आत गेले नव्हते. महात्मा फुले म्हटलं की मला दोन ओळी यायच्या: मुलींची पहिली शाळा काढली, सत्यशोधक समाज स्थापन केला. पेपरात दोन मार्कांना तेवढं पुरतं. वाड्यातून आल्यावर घरातलं त्यांचं चरित्र काढून वाचलं आणि एका पानावर अडकले. तिथे लिहिलं होतं की जोतीराव फुले सहा वर्षं पुणे नगरपालिकेचे सभासद होते. म्हणजे आजच्या भाषेत नगरसेवक!

थोडक्यात आधीचं सांगते. जोतीरावांचा जन्म १८२७ साली पुण्यात झाला. मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं कटगुण. घराण्यात फुलांचा धंदा होता म्हणून आडनाव फुले पडलं. आई चिमणाबाई ते अगदी लहान असतानाच गेल्या. वडील गोविंदराव यांनी त्यांना पुढे स्कॉटिश मिशनच्या शाळेत घातलं. (म्हणजे एका अर्थी तेही आमच्यासारखे मिशनरी शाळेतलेच!) १८४८ मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली, सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या, आणि त्यापायी दोघांना वडिलांचं घर सोडावं लागलं. १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला. हे सगळं आपल्याला माहीत असतं.

आपल्याला म्हणजे इंजिनियरिंगवाल्यांना माहीत नसतं ते हे, की फुले कॉन्ट्रॅक्टर होते. समाजकार्यावर त्यांचं पोट चालत नव्हतं. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी नावाची कंपनी होती, त्यात ते भागीदार होते. खडकवासल्याचं धरण, येरवड्याचा पूल अशा सरकारी कामांशी त्यांच्या कंत्राटांचा संबंध होता. धातूच्या ओतकामाला लागणाऱ्या साहित्याच्या विक्रीची एजन्सीही त्यांनी घेतली होती. दगड, चुना, मजुरी, बिलं, साहेबाच्या सह्या, हे सगळं त्यांनी जवळून पाहिलेलं. सिव्हिलच्या मुलांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना एकदम ते आपले वाटायला लागले.

अशा या माणसाला १८७६ साली सरकारने पुणे नगरपालिकेवर सभासद म्हणून नेमलं. इथे नेमलं हा शब्द महत्त्वाचा आहे. तेव्हा पुण्यात निवडणूक नव्हती, सभासद सरकार नेमायचं. त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमचा महापौर जोसेफ चेंबरलेन (हा मूळचा स्क्रूचा कारखानदार) शहरासाठी गॅस आणि पाण्याच्या कंपन्या विकत घेत होता, कारण तिथल्या कौन्सिलच्या मागे करदात्यांची मतं होती. पुण्याच्या सभासदामागे असं काही नव्हतं. ज्या सरकारने खुर्ची दिली त्याची मर्जी, एवढंच. पक्ष नाही, वॉर्ड नाही, मतदार नाही. साहजिकच बहुतेक सभासद सरकारला आवडेल तेच करत असणार.

फुल्यांनी काय केलं? नेमणूक झाली त्याच सुमाराला दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. सत्यशोधक समाजाने १८७७ मध्ये धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र चालवलं. फुल्यांनी त्यासाठी लोकांना मदतीचं आवाहन केलं. नगरपालिकेत त्यांचं लक्ष पैसा कुठून येतो आणि कुठे जातो याच्यावर असायचं. १८८० मध्ये शहरात दारूची दुकानं वाढायला लागली तेव्हा त्यांनी व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना पत्र लिहून विरोध केला. त्यांचा मुद्दा साधा होता. एकीकडे नगरपालिका लोकांच्या आरोग्यावर खर्च करते आणि दुसरीकडे त्याच लोकांच्या आरोग्याची आणि संसाराची वाट लावणारी दुकानं उघडू देते, हा कसला हिशोब? बाकीच्यांनी याकडे अबकारी खात्याचा विषय म्हणून पाहिलं असेल, यांनी जमाखर्चाचा विषय म्हणून पाहिलं.

आणि आता ते पान, जिथे मी अडकले. त्यांच्या कारकिर्दीतच व्हाइसरॉय पुण्याला येणार होते. त्यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेने एक हजार रुपये खर्च करावेत असा प्रस्ताव आला. १८८० च्या आसपासचे हजार रुपये म्हणजे काही थोडीथोडकी रक्कम नव्हे. फुल्यांचं म्हणणं पडलं की हे पैसे कमानी-रोषणाईवर घालवण्यापेक्षा गरिबांच्या शिक्षणासाठी वापरावेत. मतं घेतली गेली. बाकी सगळे बाजूने. विरोधात एकटे फुले.

मी पुस्तक मिटून ठेवलं. बारा हजार आणि बुके, हजार आणि व्हाइसरॉय... माझ्या डोळ्यासमोर कॉमन रूम आली आणि तो एक हात आला. त्या सभेत कोणी हसलं का, ते पुस्तकात नाही. पण हसलेच असतील असं मला वाटतं, कारण मी हसले होते ना.

यात अजून एक गोष्ट आहे. ज्या सरकारने त्यांना सभासद केलं, त्याच सरकारच्या सर्वात मोठ्या साहेबाच्या स्वागताला ते नाही म्हणाले. शिवाय ते सरकारी कामांचे कंत्राटदार. आज एखादा कंत्राटदार असं करेल? फुले इंग्रजद्वेष्टे होते म्हणावं तर तसंही नाही. इंग्रजांमुळे शूद्रातिशूद्रांना शिक्षणाची दारं किलकिली झाली असं ते उघड मानायचे, आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. तरीसुद्धा पैसा शाळेचा की कमानीचा असा प्रश्न आला तेव्हा त्यांनी कोण येतंय ते पाहिलं नाही.

असंच मंडईचं. पुण्यात मोठी इमारत बांधून तिथे भाजीबाजार भरवायचं नगरपालिकेने ठरवलं तेव्हा फुल्यांनी विरोध केला, कारण तोच, आधी शिक्षण. भाजी-फुलांच्या घरातला माणूस मंडईला नाही म्हणतो! इथेही ते हरले. इमारत उभी राहिली, १८८६ मध्ये गव्हर्नरच्या नावाने रे मार्केट म्हणून सुरू झाली. पुढे आचार्य अत्रे पुणे नगरपालिकेत होते, त्यांच्या पुढाकाराने तिला नाव मिळालं महात्मा फुले मंडई. मी लहानपणापासून आईबरोबर तिथे भाजी घ्यायला जाते. ज्या इमारतीला त्यांचा विरोध होता तिच्यावरच त्यांची पाटी, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. खरं सांगायचं तर मंडईच्या बाबतीत मी त्यांच्याशी पूर्ण सहमत नाही. पावसात रस्त्यावर बसणाऱ्या भाजीवालीला छप्पर हवंच की. पण पालिकेच्या तिजोरीतला पहिला रुपया कुठे जावा, हा त्यांचा प्रश्न काही चुकीचा नव्हता.

मग प्रश्न येतो, सहा वर्षं अशी एकट्याने मतं देऊन मिळवलं काय? मलाही आधी तसंच वाटलं. उत्तर मिळालं ते १८८२ मध्ये. त्या वर्षी सरकारने शिक्षणाची पाहणी करायला हंटर आयोग नेमला. फुल्यांनी त्याला लेखी निवेदन दिलं. त्याच्याखाली त्यांनी स्वतःची ओळख दिली आहे ती व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सभासद अशी. थोर समाजसुधारक वगैरे काही नाही! प्राथमिक शिक्षण ठरावीक वयापर्यंत, निदान बाराव्या वर्षापर्यंत, सक्तीचं करा अशी मागणी त्यात आहे. शेतकऱ्यांकडून कराच्या रूपाने पैसा गोळा होतो, पण त्यांच्या मुलांच्या शाळांना त्यातला पुरेसा वाटा मिळत नाही, असंही ते सांगतात. आणि नगरपालिकांबद्दल त्यांनी दिलेली सूचना तर एखाद्या आतल्या माणसालाच सुचेल अशी आहे. मोठ्या शहरांत प्राथमिक शाळांचा सगळा खर्च नगरपालिकेने द्यावा, पण शाळांचा कारभार पूर्णपणे तिच्या हातात देऊ नये, देखरेख शिक्षण खात्याची असावी. सहा वर्षं सभेत बसून काय पाहिलं असेल ते या एका सूचनेत आलं. म्हणजे सभागृहात हरलेला मुद्दा त्यांनी सोडून दिला नाही, तोच पुढच्या टेबलावर नेऊन ठेवला.

त्याच सुमाराला त्यांची सभासदकी संपली. नंतर त्यांनी शेतकऱ्याचा असूड लिहिलं. त्यात डोंगरउतारावरचं पाणी आणि माती अडवायला बांध घाला, तलाव बांधा, लष्कर आणि पोलिसांना रिकाम्या वेळी या कामाला लावा असं सगळं आहे. आपल्या हायड्रॉलॉजीच्या लेक्चरला सर वॉटरशेड म्हणून शिकवतात त्याची आठवण होते. १८८८ मध्ये मुंबईत लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षी अर्धांगाचा झटका येऊन उजवी बाजू निकामी झाली. तर या माणसाने डाव्या हाताने लिहून सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक पूर्ण केलं! २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले.

सक्तीच्या आणि मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा आपल्या संसदेने केला तो २००९ मध्ये, आणि तो लागू झाला २०१० मध्ये. निवेदनानंतर तब्बल १२८ वर्षांनी. योगायोग बघा, २००९ मध्येच चार नगरपालिका आणि आसपासची गावं मिळून आपली वसई-विरार महानगरपालिका झाली. गावं त्यात असावीत की नसावीत यावर इथे किती आंदोलनं झाली ते वसईच्या मुलांना मी बाहेरून आलेलीने सांगायला नको. लोक नगरपालिकेसाठी भांडतात, कारण पाण्याची लाईन, रस्ता, शाळा, गटार, सगळं तिथल्या एखाद्या मीटिंगमध्ये ठरतं, आणि हात वर करणाऱ्यांपैकी बरेच जण आपल्यासारखेच शेजाऱ्याचा हात बघून वर करत असतात.

असो. लेख फार लांबला, रूममेट लाईट बंद कर म्हणून ओरडतेय.

सुट्टीवरून आल्यावर मी त्या फर्स्ट इयरच्या, म्हणजे आताच्या सेकंड इयरच्या मुलीला भेटले आणि सॉरी म्हटलं. ती म्हणाली, जाऊ दे गं ताई, आणि चहा पाजला. पुस्तकाचं काय झालं विचारलं तर म्हणाली, झेरॉक्सवरच पास झाले.

यंदाच्या गॅदरिंगची मीटिंग पुढच्या महिन्यात आहे. फंडात थोडे पैसे उरलेत असं ऐकते. बुक बँकेचा विषय या वेळी मी मांडणार आहे आणि त्या मुलीने अनुमोदन द्यायचं कबूल केलंय. म्हणजे दोन हात तर नक्की झाले. तुम्ही त्या दिवशी कॉमन रूममध्ये असाल तर शेजाऱ्याकडे न बघता ठरवा, एवढंच सांगायचं होतं.

– तृतीय वर्ष, सिव्हिल