‘ओ’च्या जागी ‘आ’

प्रथम वर्षाच्या फ्रेंचच्या तासाला वाचनाची पाळी माझ्यावर आली आणि मी ‘पार्लेंत’ असे ठणठणीत वाचले. वर्गात हशा पिकला. सरांनी समजावले, की येथे नुसते ‘पार्ल’ म्हणायचे. मी बोलतो, तू बोलतोस, ते बोलतात, ही तिन्ही रूपे लिहायला निराळी, पण उच्चाराला एकच! मग जे उच्चारायचे नाही ते लिहायचे तरी कशाला? या रागातच मी ग्रंथालय गाठले आणि तेथे मला व्होल्तेर भेटला.

२१ नोव्हेंबर १६९४ रोजी पॅरिसमध्ये जन्मलेल्या या माणसाचे मूळ नाव फ्रांस्वा-मारी आरुए. तरुणपणी उपहासात्मक कवितांपायी त्याने बास्तीय तुरुंगात अकरा महिने काढले. पुढे इंग्लंडात राहिला, नाटके लिहिली, राजांशी मैत्री केली आणि भांडणही केले. निरपराध झां कालासला १७६२ साली देहदंड झाला, तेव्हा त्याची निर्दोषता सिद्ध होईपर्यंत तीन वर्षे व्होल्तेर झुंजला. हे आपण इतिहासात वाचतो. मला मात्र त्याची एक लहानशी लढाई अधिक भावली.

त्या काळी क्रियापदाच्या अपूर्ण भूतकाळाचा प्रत्यय ‘ओ-ई’ या वर्णांनी लिहीत, पण म्हणत ‘ए’. मी बोलत होतो, म्हणजे ‘झ पार्ले’. राजा या अर्थाच्या शब्दात मात्र त्याच दोन वर्णांचा उच्चार अगदी वेगळा. ‘फ्रेंच’ हा शब्द आणि ‘फ्रांस्वा’ हे खुद्द त्याचे नाव, दोन्हींचे लेखन एकच! क्रियापदांत ‘ओ’च्या जागी ‘आ’ लिहावा, असा आग्रह त्याने धरला. ही कल्पना त्याच्या आधीही मांडली गेली होती. त्याने ती आपल्या छापील ग्रंथांत वापरून दाखवली.

म्हणून न उच्चारलेले सारेच काढून टाकावे, असे मात्र तो म्हणत नव्हता. फ्रेंच पद्याच्या मोठ्या ओळीत बारा अक्षरे मोजतात. बोलताना ‘पार्ल’ हे एकच अक्षर. ‘ते बोलतात’ हे रूप ओळीच्या मध्ये आले, की त्याची ‘पार्-ल’ अशी दोन अक्षरे होतात. ‘ते बोलत होते’ हेही ‘पार्-ले’ असे दोनच अक्षरांचे, त्याचा लांबलचक प्रत्यय एकाच अक्षरात मावतो. शेवटचा तो मूक स्वर कानात रेंगाळतो आणि त्यातच आपल्या भाषेचे माधुर्य आहे, असे १७६१ साली एका इटालियन गृहस्थाला लिहिलेल्या पत्रात त्याने प्रतिपादले. माझा राग येथे निम्म्यावर आला.

१७७८ च्या फेब्रुवारीत, सुमारे अठ्ठावीस वर्षांनी, तो पॅरिसला परतला. वय त्र्याऐंशी, प्रकृती ढासळलेली. तरीही मे महिन्यात त्याने अकादमीपुढे नव्या शब्दकोशाची योजना मांडली आणि ‘आ’ हा वर्ण स्वतःकडे घेतला. ३० मे रोजी तो वारला. पॅरिसमध्ये चर्चने दफन नाकारले, म्हणून त्याचा देह गुपचूप शँपेन प्रांतात नेऊन पुरावा लागला. १७९१ साली तो सन्मानाने पँथिऑनमध्ये आणला गेला. त्याचा ‘आ’ अकादमीच्या शब्दकोशाने स्वीकारला तो १८३५ साली, म्हणजे मृत्यूनंतर सत्तावन्न वर्षांनी.

घरी आजोबांच्या जुन्या पुस्तकात ‘केलें’, ‘गेलें’ यांवर अनुस्वार दिसतात. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी ते न उच्चारलेले अनुस्वार गेले. ते कोणाच्या आग्रहाने गेले, हे मी कधी विचारलेच नव्हते. आता विचारणार आहे. आणि पुढच्या तासाला ‘पार्ल’ म्हणताना तो मूक स्वर कानाने ऐकणार आहे.